वृद्धापकाळ, मनाचा आजार आणि आपला धर्मग्राम



एलिया संदेष्टा म्हटला की आपल्याला आठवतो तो कार्मेल पर्वतावरचा, बआलच्या शेकडो पुजाऱ्यांसमोर एकटा उभा ठाकणारा. पण राजांच्या पहिल्या ग्रंथात लगेच पुढच्या, म्हणजे १९व्या अध्यायात वेगळाच एलिया भेटतो. ईजबेल राणीच्या धमकीने तो घाबरतो, पळ काढतो, सोबतचा गडी मागे ठेवतो, एकटाच रानात शिरतो आणि एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो. सामान्यकाळातील १९व्या रविवारी, 'ब' वर्षात, हा उतारा आपण पहिले वाचन म्हणून ऐकतो. प्रवचनात त्याचा संबंध बहुतेक वेळा पवित्र ख्रिस्तप्रसादाशी जोडला जातो आणि तो योग्यच आहे. आज मात्र आपण तोच उतारा वेगळ्या कामासाठी वाचणार आहोत. खचलेल्या माणसाशी देव कसा वागतो, ते क्रमाने पाहू.

देव त्याला उपदेश करत नाही. तुझा विश्वास कमी पडला म्हणून बोल लावत नाही. दूत येतो, त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो! काही वेळाने दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. मग चाळीस दिवसांची चाल. होरेब पर्वतावर पोहोचल्यावर देव त्याचे गाऱ्हाणे ऐकतो, तेच गाऱ्हाणे दोनदा ऐकतो, आणि 'हे तू मघाशीच सांगितलेस' असे म्हणत नाही. त्यानंतर त्याला काम देतो, अलीशा नावाचा सोबती देतो आणि मी एकटाच उरलो म्हणणाऱ्या एलियाला सांगतो की अजून सात हजार जण तुझ्यासारखेच आहेत.

अन्न, पाणी, झोप, चालणे, ऐकणारा कान, हाताला काम आणि सोबत. आजचा मानसोपचारतज्ज्ञ गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर तोंडी जे सांगतो, ते जवळजवळ हेच असते.

आपल्यातलेच लोक

आपल्या देशात पंचेचाळिशीपुढच्या लोकांची 'लासी' नावाची मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. तिच्यात शंभरातल्या सुमारे आठ ज्येष्ठांमध्ये गंभीर नैराश्याची शक्यता आढळली. रविवारच्या मिस्सेला साठीपुढची पन्नास माणसे बसली असतील तर त्यात चार झाली. आणि जे मिस्सेला येतच नाहीत त्यांची मोजदाद यात नाही. खरा प्रश्न त्यांचाच आहे.

घरभेटींना जाताना मला दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, ज्यांना म्हातारपणी आजार झाला: पत्नी गेल्यावर बोलणेच सोडलेले निवृत्त रेल्वे कर्मचारी, मुले पुण्या-मुंबईला, किंवा ऊसतोडीला मुलगा-सून गेल्यावर साक्री-शिरपूरकडच्या गावात सहा महिने नातवंडांसह मागे राहणारी माय, जिला रात्र रात्र झोप नाही. दुसरे, ज्यांचा आजार विशी-पंचविशीतला आहे आणि जे आजारासकट म्हातारे झाले. यांच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. स्किझोफ्रेनिया झालेला मुलगा किंवा मुलगी आईने सांभाळली. आई गेली. मग भावाने घेतले. आज तो साठीचा आहे, मागच्या खोलीत राहतो, ताट आत पोहोचते, औषध मिळते, कोणी मारत नाही, शिवी देत नाही. पण दिवसभरात त्याच्याशी दहा वाक्ये तरी कोणी बोलते का? लग्नाला, बाप्तिस्म्याला त्याला नेतात का? पाहुणे आले की त्या खोलीचे दार लोटले जाते. घरच्यांना मी दोष देत नाही. तीस-चाळीस वर्षे सांभाळणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार, एक दिवसही न सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे लवकर मरण पावतात. आणि बहुतेक वेळा कारण असते हृदयविकार, मधुमेह, छातीचे आजार: ज्याची वेळेवर तपासणी झाली असती तर जमले असते असे काही. 'त्याला काय होतंय, तो तसाच आहे' या एका वाक्याखाली छातीतली कळसुद्धा झाकली जाते. त्याच संघटनेच्या एका आयोगाने २०२५ साली एकाकीपणावर अहवाल दिला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि त्याच्याशी संबंधित मृत्यू वर्षाला आठ लाखांहून अधिक आहेत, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा सोबत ही दयेपोटी वर घातलेली भर समजू नका. ती औषधाच्याच पंगतीत बसते.

एका संताचे वडील, जे स्वतः संत झाले

बाळ येशूच्या संत तेरेजाची तसबीर आपल्या कितीतरी घरांत आहे. तिच्या वडिलांची गोष्ट मात्र थोड्यांनाच माहीत असते. लुई मार्टिन हे फ्रान्समधले घड्याळजी. पत्नी झेली १८७७ मध्ये कर्करोगाने गेली. पाच मुलींना घेऊन ते लिझ्यू गावी आले. पुढे त्यांना झटके आले, स्मृती ढासळू लागली. जून १८८८ मध्ये ते कोणाला न सांगता घरातून निघून गेले आणि चार दिवसांनी ल हाव्र या बंदराच्या गावी सापडले. पुढच्या वर्षी भास इतके वाढले की लढाई चालू आहे असे समजून त्यांनी हातात पिस्तूल घेतले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना कां शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. वय ६५. तेथे ते तीन वर्षांहून अधिक काळ होते.

गावात कुजबुज झाली. एकामागून एक मुली मठात गेल्या म्हणून बापाचे डोके फिरले, असे लोक म्हणत. म्हणजे दुखणे बापाला आणि बोल मुलींना! हे ऐकताना आपल्या गावाचीच आठवण येते. तेरेजा तेव्हा सोळा वर्षांची, कार्मेलच्या मठात. तिला त्यांना भेटायला जाता येत नव्हते. घरी उरलेल्या सेलीन आणि लेओनी या दोघी बहिणी काही काळ त्या रुग्णालयाजवळ जाऊन राहिल्या. बोलावले तेव्हा भेटल्या, न बोलावता नुसती चौकशी करायलाही गेल्या. मे १८९२ मध्ये, पाय लुळे पडल्यावर, त्यांना घरी आणले. चाकांच्या खुर्चीत बसवून त्यांना बाहेर हवेत, झाडांत फिरवले जाई. उन्हाळ्यात मामाच्या मोठ्या वाडीवर नेले जाई. तेथेच २९ जुलै १८९४ रोजी त्यांनी देह ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी लुई आणि झेली या पतिपत्नींना एकत्र संतपद दिले.

ही गोष्ट मी सांगतो ती एका कारणासाठी. या माणसाला आजारातून उठवून मग संत म्हटलेले नाही. तो बरा झाला नाही. आपल्या वेदीवर ज्यांची नावे आपण घेतो, त्यांच्यात मनोरुग्णालयात तीन वर्षे काढलेला एक म्हातारा आहे. पुढच्या वेळी कोणी 'घराण्याला डाग' असे म्हणाले तर त्याला हे सांगावे. तेरेजानेही आत्मचरित्रात वडिलांच्या या वर्षांबद्दल लाज लपवत लिहिलेले नाही, आदराने लिहिले आहे.

सवय म्हणजे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक म्हणणे आम्हाला घोकावे लागले: माणूस चांगला होतो तो चांगले ऐकून होत नाही, चांगले पुन्हा पुन्हा करून होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेच पुढे नेले आणि सद्गुणाला सवय म्हटले, म्हणजे माणसात मुरलेली घडण. त्या वयात मला हे परीक्षेपुरते वाटले होते. पण आजारी मनाच्या बाबतीत त्याला मोठा अर्थ आहे. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाची इच्छाशक्तीच आजारी पडलेली असते. उठावेसे, आंघोळ करावीशी, बोलावेसे वाटत नाही. घरचे म्हणतात आळस. तो आळस नसतो, ताप जसा आजाराचा भाग असतो तसा तो आजाराचा भाग असतो. अशा वेळी 'मन घट्ट कर' हे सांगणे मोडक्या पायाला चाल म्हणण्यासारखे आहे. मनाला जे जमत नाही ते ठरलेली वेळ आणि बरोबरचा माणूस करून घेतो. सहा वाजता चहा, साडेसहाला नातू बरोबर घेऊन कोपऱ्यापर्यंत फेरी, संध्याकाळी सातला जपमाळ. रोज तेच, त्याच वेळी. वाटण्याची वाट पाहायची नाही. आधी पाऊल, वाटणे मागून येते, कधी कधी आठ-पंधरा दिवसांनी.

स्मृतिभ्रंश झालेली एखादी आजी मुलाचे नाव विसरते, पण जपमाळेला तिचा आवाज बरोबर वेळेला लागतो, हे तुम्ही पाहिले असेल. खूप वर्षे गिरवलेले सर्वांत शेवटी पुसले जाते. म्हणून अशा आजीला प्रार्थनेतून वगळू नका.

याच संत थॉमसांनी दुःखावरचे उपाय एका ठिकाणी क्रमाने दिले आहेत. तेराव्या शतकातला हा साधू-पंडित काय सांगत असेल असे वाटते? सुख देणारी एखादी गोष्ट, मोकळेपणी रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन आणि, गंमत वाटेल, झोप व आंघोळ! मित्राच्या सोबतीने दुःख का हलके होते याची दोन कारणे ते देतात. ओझे वाटून घेतल्यासारखे वाटते. आणि त्याहून मोठे म्हणजे, आपल्यावर कोणाचे तरी प्रेम आहे हे दुःखी माणसाला कळते.

शरीराची काळजी, खानदेशातल्या उन्हासकट

आता काही साध्या गोष्टी. त्या मी डॉक्टरांकडून ऐकलेल्या आणि घराघरांत पाहिलेल्या आहेत. औषधाचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी भूक आणि वजन वाढते, रक्तातली साखर वाढू शकते. म्हणून वजन, साखर आणि रक्तदाब यांची तपासणी ठरावीक काळाने व्हावी. आपल्याकडे चहा किती होतो आणि त्यात साखर किती पडते, ते एकदा मोजा. शेवभाजी, भजी, तर्रीचा रस्सा रोज नको. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत (तेल बेताने), डाळ, पालेभाजी हे आपले घरचेच जेवण उत्तम आहे. केळी जळगावात बारा महिने. मधुमेह असेल तर किती खायची ते विचारून खावी. दातांची कवळी, चष्मा आणि कान तपासून घ्या. कमी ऐकू येणारा माणूस बोलण्यातून आपोआप बाजूला पडतो आणि घरच्यांना वाटते की तो रुसला आहे.

तंबाखू, मिसरी, विडी. सोडवायलाच हवी. पण एक लक्षात ठेवा: मनोविकाराची काही औषधे विडी ओढणाऱ्याच्या शरीरात वेगळ्या वेगाने खर्च होतात आणि विडी एकदम बंद केली की रक्तातले औषध वाढू शकते. म्हणून सोडताना डॉक्टरांना कळवा.

आपल्या मे महिन्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या पुस्तकात हे ठळकपणे सापडत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या पुढे जातो. मनोविकाराच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, शरीराला स्वतःला थंड ठेवणे जड जाते आणि तहानही नीट कळत नाही. म्हातारपणी तहान तशीही कमी लागते. म्हणजे उष्माघाताचा धोका तिहेरी. अशा माणसाला 'पाणी हवे का' असे विचारू नका, पेला हातात द्या. फेरी सकाळी सूर्य वर येण्याआधी किंवा दिवेलागणीनंतर. दुपारी पत्र्याच्या खोलीत एकट्याला ठेवू नका. आणि ज्यांना लिथियमची गोळी चालू आहे त्यांनी अधिक सावध असावे. अंगातले पाणी आटले, जुलाब-उलट्या झाल्या, जेवणातले मीठ एकाएकी तोडले किंवा दुकानातून अंगदुखीची गोळी आणून घेतली, तर लिथियम रक्तात साठून विषासारखे होऊ शकते. हात फार थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे असे काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

त्याच दिवशी डॉक्टर गाठण्याचे आणखी एक कारण. कालपर्यंत ठीक असलेला म्हातारा माणूस एकाएकी बरळू लागला, दिवस-रात्र विसरला, तर ते 'डोक्यावर परिणाम' म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा जंतुसंसर्ग, निमोनिया, साखर किंवा अंगातले सोडियम कमी होणे यामुळे असे होते आणि ते बहुधा बरे होते.

उपवासाचा प्रश्न बरेच जण विचारतात. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार उपवासाचे बंधन १८ वर्षांपासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे. त्यापुढच्यांना ते नाही, आणि आजाऱ्यालाही नाही. उपवासकाळात जेवण टाळून, रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन चक्कर येऊन पडणाऱ्या आजींना देव जास्त गुण देतो असे नाही. कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवासही वृद्धांना व आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना लागू नाही. पाणी व औषधाने तो कोणाचाच मोडत नाही. गोळी चुकवून कम्युनियनला येऊ नका.

प्रार्थना की गोळी?

हा प्रश्नच चुकीचा आहे. सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय काढून वाचा. वैद्याचा मान राखावा, औषधे देवानेच जमिनीतून उगवली, आजारपणी प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असे तेथे एकाच दमात सांगितले आहे. तरीही आपल्याकडे अजून काय होते? कोणाला भगताकडे नेतात, कोणाला एखाद्या चंगाईच्या मेळाव्याला नेतात, आणि तेथे कोणीतरी सांगतो की आता विश्वास ठेव, गोळ्या टाकून दे. तीन आठवड्यांनी तो माणूस पुन्हा रस्त्यावर. मी स्पष्ट लिहितो: गोळी बंद करायला सांगणारा माणूस, मग तो भगवा घालो, हिरवा घालो की पांढरा झगा घालो, देवाच्या नावाने बोलत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्या आगीत मरण पावले. त्यांना तेथे घेऊन आलेल्या नातेवाइकांपैकी कितीतरी जण बरे होण्याच्या श्रद्धेनेच आले असतील. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास सक्त मनाई आहे आणि समाजात राहण्याचा हक्क त्याला आहे.

नैराश्यातल्या काही वृद्धांना वाटते की देव आपल्यावर कोपला आहे. एकच जुने पाप ते पुन्हा पुन्हा कबूल करतात. त्यांना मी पापक्षमा देतो आणि डॉक्टरांचे नावही देतो. रुग्णाभ्यंग संस्कार फक्त मरणपंथाला लागलेल्यांसाठी आहे असे समजू नका. गंभीर मानसिक आजारातही तो देता येतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००६चा जागतिक रुग्णदिन मुद्दाम मानसिक आजाऱ्यांसाठी वाहिला होता.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खानदेशाला सगळीच दूर. पण सुरुवातीला तेथे जायची गरज नसते. जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण तपासणी होते. फोनवर बोलायचे असेल तर सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चोवीस तास मोफत चालते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

सोबत: ती कशी करायची?

बेल्जियममध्ये गील नावाचे गाव आहे. मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिम्फना हिचे तेथे देऊळ. मध्ययुगात यात्रेला आणलेल्या रुग्णांना देवळात जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी ते घरी ठेवून घेतले. ती रीत सात शतकांहून अधिक टिकली. १९३८च्या सुमारास साडेतीन हजारांवर रुग्ण गावच्या कुटुंबांत राहत होते, आज फारच थोडे उरले आहेत. रुग्ण घरच्यांबरोबर जेवतात, झेपेल ते काम करतात, त्याच घरी म्हातारे होतात. कित्येक ठिकाणी आईनंतर मुलीने तोच पाहुणा पुढे सांभाळला.

एवढे आपल्याला झेपणार नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्या जवळचे पाहू. मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया. त्यांनी तो लपवला नाही. १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू केली. रुग्णांचे आणि सांभाळणाऱ्यांचे स्वमदत गट तेथे बसू लागले. २००४ मध्ये आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही त्यांचा हात होता. २०१७ साली ते गेले. खानदेशचा एक माणूस परदेशात राहून हे करू शकला. आणि त्याची सुरुवात, मला वाटते, फक्त एका गोष्टीपासून झाली: घरातली गोष्ट उघड बोलण्यापासून.

दुसरे उदाहरण आपल्या नाशिक धर्मप्रांतातलेच म्हणावे लागेल. नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत २०१३ पासून 'आत्मीयता' नावाचा उपक्रम पुण्याच्या एका संस्थेने चालवला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवले: ऐकायचे कसे, खचलेल्या माणसाला छोट्या छोट्या कामांकडे परत कसे आणायचे, डॉक्टरांकडे केव्हा पाठवायचे. ही माणसे डॉक्टर नव्हती. ओट्यावर बसून बोलणारीच माणसे होती.

ओटा आपल्याकडे अजून आहे. सोबत करायची म्हणजे काय, तर आधी ठरावीक असणे. एकदा मोठ्या प्रेमाने जाऊन दोन महिने न फिरकण्यापेक्षा दर गुरुवारी पंधरा मिनिटे बरी. आजारी माणूस वाट पाहतो, आणि न आल्याची नोंद ठेवतो. दुसरे, गेल्यावर आजाराबद्दल विचारत बसू नका. 'काय माय, बरं शे का?' एवढे पुरे; मग पाऊस, कापूस, नातवाची परीक्षा. तो भास सांगू लागला तर वाद घालू नका आणि हो ला हो देखील करू नका. 'तुम्हाला भीती वाटत असेल' एवढे म्हणता येते. मरणाच्या गोष्टी करू लागला तर मात्र हसून टाळू नका, सरळ विचारा, घरच्यांना सांगा, एकट्याला सोडू नका. विचारल्याने तसे मनात भरते हा गैरसमज आहे.

तिसरे, त्यांच्याकडून काहीतरी घ्या. शुभवर्तमानात मार्कने सांगितलेला तो गरसेकर आठवा, जो थडग्यांमध्ये राहत असे. बरा झाल्यावर त्याला येशूबरोबर जायचे होते. प्रभूने त्याला बरोबर घेतले नाही, घरी आपल्या माणसांत पाठवले आणि कामही दिले: काय घडले ते सांग. आपल्या मंदिरात फुले लावणे, गीतपुस्तके बाकांवर ठेवणे, मेणबत्त्या मोजणे, दाणे निवडणे, मुलांना जुन्या चालीची भक्तिगीते शिकवणे यातले कोणतेही काम पासष्टीच्या आजारी माणसाला देता येते. सावकाश होईल, होऊ द्या. हिवाळ्यात आपण शेतावर भरीत करायला जातो तेव्हा वांगी भाजायला आजोबांना बसवा. गाडीत एक जागा काढली तर काय बिघडते?

आणि चौथे, सांभाळणाऱ्यांना विसावा. ती सून किंवा बहीण गेल्या किती रविवारी मिस्सेला आली नाही हे कोणी मोजले आहे का? तिला 'तू पुण्य कमावतेस' असे सांगण्यापेक्षा दोन तास तिच्या घरी जाऊन बसावे.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबांचा व ज्येष्ठांचा जागतिक दिन सुरू केला, जुलैचा चौथा रविवार. तो आपण केक कापून साजरा करतो. केकला माझा विरोध नाही, पण साखर असलेले बरेच जण समोर बसलेले असतात.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर कार्यालयाच्या व्हरांड्यात एक वही ठेवलेली असेल. लहान ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांनी आपल्या विभागातल्या अशा घरांची नावे मला तोंडी सांगावीत, वहीत लिहू नयेत. वहीत फक्त भेटीला जाऊ इच्छिणाऱ्यांनी आपले नाव आणि कोणता वार जमेल तेवढे लिहावे. दोघा-दोघांच्या जोड्या करू. युवकांपैकी ज्यांच्याकडे दुचाकी आहे त्यांनी ज्येष्ठांना मिस्सेला आणण्या-पोहोचवण्यासाठी वेगळे नाव द्यावे. ज्या घरी असा आजार आहे आणि ज्यांना कोणासमोर बोलायचे नाही, त्यांनी बुधवारी संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे यावे, मागच्या दाराने आले तरी चालेल. पहिल्या बाकाची उजवीकडची कड यापुढे खुर्चीच्या चाकांसाठी मोकळी ठेवायची आहे. कृपया तेथे चपला व पिशव्या ठेवू नयेत.

आपला,
धर्मगुरू